शके 1621 ची बिनभूकंपाची लाट

जुन्या दप्तरांत पूर, आग, दुष्काळ यांच्या नोंदी आढळल्या म्हणजे संशोधक त्या बहुधा बाजूस सारितात. राजकारणाच्या पत्रांपुढें त्यांस कोण विचारतो! परंतु अशाच चारसहा नोंदींनीं पॅसिफिक महासागराच्या परतीरावरील एका भूकंपाचा दिवस, किंबहुना प्रहरही, ठरवून दिला. ती हकीकत येथें देत आहों.

गेनरोकु शकाच्या 12 व्या वर्षीं, 12 व्या महिन्याच्या 8 व्या दिवशीं, म्हणजे ता. 27 जानेवारी 1700 रोजीं, मध्यरात्रीच्या सुमारास जपानच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र चढूं लागला. आपल्याकडे तें शके 1621. त्याच शकाच्या फाल्गुनांत राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. कुवागासाकी गांवीं तेरा घरें पाण्यानें गेलीं, आणखी वीस आगीनें जळालीं, व अधिकाऱ्यांनीं लोकांस तांदूळ वांटला. तानाबे येथें पाणी सरकारी कोठारांत शिरलें. मिहो गांवच्या मुख्याला, त्यास आपण पाटील म्हणूं, भूकंप न होतां समुद्र असा चढला याचेंच नवल वाटलें, व तें त्यानें लिहून ठेविलें. आमच्या मतें या नवलांतच त्या कागदाची खरी किंमत आहे. हादरा बसला नाहीं, त्या अर्थीं लाट दुरून आली. मग ती कोठून आली?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाचा एक भूपट खंडाखालीं शिरत आहे. त्या सांध्याच्या प्रस्तरभंगास कॅस्केडिया म्हणतात. तेथें मोठे भूकंप होतच नसावेत, असें पुष्कळांस वाटे. 1987 सालीं ब्रायन ॲटवॉटर यांनीं वॉशिंग्टन प्रांताच्या खाड्यांत खचलेली जमीन व तिजवर लाटेनें पसरलेली वाळू दाखवून दिली. कोपॅलिस नदीकांठीं खाऱ्या पाण्यानें मेलेले देवदार अद्यापि उभे आहेत. परंतु किरणोत्सर्गी कर्बाच्या मापनानें काळ ठरे तो कांहीं दशकांच्या फरकानें, आणि तेथें त्या काळीं लेखनच नव्हतें.

प्रस्तरभंगाची लांबी, रुंदी, उतार व त्यावरील खडकांची सरक हीं ठाऊक असलीं म्हणजे समुद्रतळ किती उचलला जाईल हें गणितानें काढितां येतें. तळाबरोबर पाणी उचलतें. पुढें लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो: 4000 मीटर खोलीवर ताशीं सुमारें 700 किलोमीटर. केन्जी साताके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1996 सालीं हें गणित उलट चालविलें. जपानांतील वेळेंतून प्रवासाचे सुमारें दहा तास वजा केले, तों अमेरिकेंतील 26 जानेवारीची रात्र, नऊचा सुमार, ही वेळ निघाली. पुढच्याच वर्षीं देवदारांच्या वर्तुळांवरून तीं झाडें ऑगस्ट 1699 व मे 1700 यांच्या दरम्यान मेलीं असें ठरलें.

अडचण उंचीची होती. ‘कोठारांत पाणी आलें’ एवढ्यावरून मीटर निघत नाहींत. म्हणून जुन्या नकाशांवरून कोठाराची जागा शोधून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजावी लागली. तीं मापें जमेस धरतां भंगाचा लहानसा तुकडा सरकून भागेना. 2003 च्या गणितानें सुमारें 1100 किलोमीटर लांबीचा संबंध भंग सरासरी 19 मीटर सरकला असावा व भूकंप 9 च्या घरांतला असावा असें दिसलें. तेथील बंदरांनीं कोणत्या लाटेची तयारी ठेवावी, हें या आंकड्यावर ठरतें.

अरबी समुद्राच्या उत्तरेस मकरानचा असाच सांधा आहे. त्याच्या पूर्वभागीं ता. 28 नोव्हेंबर 1945 रोजीं 8.1 मानाचा भूकंप झाला व लाट मुंबईपर्यंत पोंचली. पश्चिमभाग मात्र स्तब्ध आहे. तो मुळांतच सौम्य आहे, कीं ताण सांठवून बसला आहे, यावर विद्वानांत एकमत नाहीं. कोंकणच्या बंदरांच्या एखाद्या जमाखर्चांत ‘वारा नसतां पाणी चढलें’ अशी ओळ निघाली, तर तिची तिथि, प्रहर, भरती-ओहोटी व पाणी ज्या पायरीस लागलें ती पायरी, एवढें जसेंच्या तसें उतरून घ्यावें.