शेजाऱ्याकडचे चिमूटभर मीठ

दोन शेजारी देशांची तुलना निघाली की आपल्याकडे चर्चा क्रिकेटवरून सुरू होते आणि लष्करावर येऊन थांबते. फार तर कोणी दरडोई उत्पन्नाचा आकडा सांगतो. आम्हा डॉक्टरांचे माप वेगळे. जन्मलेली किती मुले पहिला वाढदिवस पाहतात एवढे कळले, की त्या देशातले पाणी, संडास, आईचे शिक्षण आणि दवाखान्याचे अंतर यांचा बराचसा अंदाज येतो. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने 1990 साली मानव विकास अहवाल निघू लागला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण धरले गेले. 2025 च्या अहवालात भारत आणि बांगलादेश एकाच, म्हणजे 130 व्या क्रमांकावर आहेत.

बांगलादेश? अनेकांच्या भुवया इथे वर जातात. पूर, वादळे आणि दाटीवाटीची वस्ती एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. पण आकडे पाहा. 1990 साली दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी मुले आपल्याकडे 81 होती, त्यांच्याकडे 97. 2011 साली आपल्याकडे 47 आणि त्यांच्याकडे 37. या वीस वर्षांत आपले उत्पन्न त्यांच्यापेक्षा वेगाने वाढत होते, हे लक्षात घ्या. पुढे आपणही सुधारलो आणि आज दोन्ही देश पंचविशीच्या आसपास आहेत. महाराष्ट्र तर 2020 मध्येच 16 वर होता. केरळ आणि उत्तर प्रदेश एका सरासरीत घातले की खरे चित्र पुसट होते, हेही खरेच. तरीही गरीब शेजारी मधल्या काळात आपल्या पुढे गेला कसा, हा प्रश्न उरतोच.

कारणे अनेक आहेत. मुली शाळेत गेल्या, कुटुंबनियोजनाच्या कार्यकर्त्या दारोदार फिरल्या, गावोगाव साधे का होईना संडास झाले. 2005-06 च्या पाहणीत आपल्या 55 टक्के घरांना संडास नव्हता. बांगलादेशात तेव्हा उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण याच्यापेक्षा खूपच कमी होते. पण मी आज एकाच कारणाबद्दल लिहिणार आहे, कारण ते माझ्या दवाखान्याशी संबंधित आहे.

नायगावात पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. बीडीडी चाळींची एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचा सामाईक संडास वाचकांना ठाऊक आहेच. आई मुलाला कडेवर घेऊन येते आणि टेबलापाशी पोचायच्या आत म्हणते, "डॉक्टर, एक बाटली लावा ना, पोरगं अगदी गळून गेलंय." मूल पाणी पीत असते, लघवी होत असते, रडताना डोळ्यांत पाणी असते. बाटलीची मुळीच गरज नसते. मी जलसंजीवनीची पुडी पुढे केली की तिचा चेहरा पडतो. पुडी म्हणजे गरिबाचे औषध आणि सुई म्हणजे खरे औषध, हा समज आम्ही डॉक्टरांनीच वाढवला आहे. बाटलीचे पैसे मिळतात, पुडीचे मिळत नाहीत.

या पुडीचा इतिहास दोन्ही देशांचा मिळून आहे. ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत 1968 साली रुग्णांना तोंडाने साखर-मिठाचे पाणी देऊन यश आले होते. 1971 च्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. यात जादू काही नाही. आतड्यात शिरताना साखर मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबातही हे दार बंद होत नाही.

शोध लागला, पण तो घराघरांत न्यायचा कसा? बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने 1980 ते 1990 या दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत जाऊन आयांना शिकवले : तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. आईकडून समोर करून घ्यायचे. नंतर तपासनीस काही घरांत जायचा आणि आईला किती आठवते त्यावर शिकवणारीचे मानधन ठरायचे! (आपल्याकडच्या प्रशिक्षण शिबिरांचे मानधन असे ठरवून पाहावे.) सुरुवातीला आयांना सगळे पाठ असायचे, पण वापर फारसा होत नसे. चौकशीअंती कळले की खुद्द कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. मग बाजारात, मशिदीत पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. 2007 च्या पाहणीत तिथे जुलाब झालेल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक मुलांना पुडीचे पाणी मिळाले होते. आपल्याकडे 2005-06 मध्ये हे प्रमाण 26 टक्के होते, 2019-21 मध्ये सुमारे 61.

शेजाऱ्याचे सगळेच गोड मानायचे कारण नाही. स्वच्छ पाण्यासाठी खोदलेल्या तिथल्या हजारो कूपनलिकांत आर्सेनिक निघाले आणि त्याचे दुखणे अजून सरलेले नाही. जवळजवळ निम्म्या मुलींची लग्ने तिथे अठराच्या आत होतात. आपल्याकडे हे प्रमाण 23 टक्के आहे.

आता कामाचे. पुडी एक लिटरची असेल तर मोजून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पुडी विरघळवावी. पेलाभर पाण्यात अर्धी पुडी, असले अंदाज नकोत. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी ओतून द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले वापरू नये. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे. दुकानातली गोड खोकी म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अशा पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली आहे.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिणेच सोडले, शौचातून रक्त पडले किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर मात्र घरी थांबू नका. त्या वेळी बाटली लागते आणि ती रुग्णालयातच लावून घ्यावी. वाटेतही चमच्याने पाजत राहा.