बेने-इस्राएल खाद्यपद्धती

ज्यू धर्माचे आहारनियम सांभाळून कोकणातील तांदूळ, नारळ व मासळी यांच्या आधारे विकसित झालेली बेने-इस्राएल समाजाची घरगुती पाकपद्धती. हा मराठी भाषिक ज्यू समाज मुख्यतः पूर्वीच्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील अलिबाग, पेण, रोहे, रेवदंडा या परिसरात राहत असे. तेलाचे घाणे चालविणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय होता आणि शब्बाथ या विश्रांतिदिनी घाणे बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यास ‘शनवार तेली’ म्हणत. दीर्घकाळ धर्मग्रंथ व धर्मगुरू यांवाचून राहिलेल्या या समाजाचे ज्यूपण टिकून राहिले, त्यात शब्बाथ व सुंता यांच्या बरोबरीने स्वयंपाकघराचा वाटा मोठा आहे.

कोशर नियम : ‘कोशर’ हे हिब्रू ‘काशेर’ या शब्दाचे रूढ रूप असून त्याचा अर्थ ‘योग्य’ असा आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ (अध्याय ११) व ‘अनुवाद’ (अध्याय १४) यांत भक्ष्याभक्ष्याचे विवेचन आढळते. खूर दुभंगलेले व रवंथ करणारे पशू तेवढे भक्ष्य होत. त्यामुळे शेळी-मेंढी चालते, डुक्कर व उंट निषिद्ध ठरतात. माशाला पर व खवले ही दोन्ही असावी लागतात. पापलेट, रावस, बांगडा हे मासे चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी व शिंगाळा वर्ज्य असतात. रक्त सर्वथा निषिद्ध आहे. म्हणून विहित पद्धतीने कापलेल्या जनावराचे मांस अर्धा तास पाण्यात भिजवून, एक तास मीठ लावून ठेवतात व नंतर तीन वेळा धुतात. काळजातील रक्त मिठाने पुरेसे निघत नसल्याने ते विस्तवावर भाजून घ्यावे लागते. अंड्यात रक्ताचा ठिपका दिसल्यास ते टाकून देतात.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये’ या अर्थाची आज्ञा जुन्या करारात तीन ठिकाणी येते. तिच्यावरून मांस व दुग्धजन्य पदार्थ एकत्र न शिजविण्याचा व एकत्र न खाण्याचा नियम निघाला. काटेकोर घरांत दोहोंसाठी भांडीही वेगळी असतात. धान्य, भाज्या, फळे, अंडी व मासे हे या दोन्ही वर्गांबाहेरचे, म्हणजे ‘पार्वे’ पदार्थ होत.

नारळाचे स्थान : भारतातील पुष्कळ सामिष पदार्थांत दही, तूप वा साय वापरतात. कोशर घरात ते चालत नाही. कोकणात मात्र ही अडचण सहज दूर झाली, कारण नारळाचे दूध वनस्पतिजन्य असल्याने मांसाबरोबर चालते. मटण किंवा कोंबडी तेलात परतून कांदा, आले, लसूण, कोथिंबीर व मिरची यांच्या वाटणात शिजवावी आणि शेवटी नारळाचे दूध घालावे, हा रस्सा शेजारच्या मराठी घरातल्यासारखाच लागतो. त्यात दुधातुपाचा अंश तेवढा नसतो. मांसाहारी जेवणानंतरचे गोडही नारळाच्या दुधातच करता येते. अशा रीतीने स्थानिक चव न सोडता नियम पाळणे या समाजातील गृहिणींना सोपे गेले. हिंदू शेजाऱ्यांच्या भावनांचा मान राखून गोमांस टाळण्याची प्रथाही समाजात मोठ्या प्रमाणावर होती.

मासळीविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यू प्रवाशाने हे लोक ज्यू आहेत किंवा नाहीत, याची परीक्षा पाहण्यासाठी स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले नसलेले मासे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली, असे सांगतात. राहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

सण व पक्वान्ने : या समाजाने सणांना मराठी नावे दिली व त्यांतील काही थेट खाद्यपदार्थांवरून पडली. वर्षारंभाचा रोश हाशाना हा ‘नवियाचा सण’. त्यासाठी चिकाचा हलवा करतात. गहू भिजवून, वाटून व गाळून काढलेला चीक नारळाचे दूध व साखर घालून सतत ढवळत आटवितात व ताटात थापून त्याच्या वड्या पाडतात. यानंतर येणाऱ्या ‘खिरीच्या सणा’ला नव्या तांदळाची खीर होते. जेरूसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा स्मृतिदिन ‘बिरड्याचा सण’ या नावाने ओळखला जातो. वालाच्या बिरड्यावरून हे नाव आले. हानुका हा सण जुन्या परंपरेत नव्हता. तो पुढे इतर ज्यूंच्या संपर्कातून आला.

पेसाह (वल्हांडण) सणात गहू, जव इ. पाच धान्यांचे आंबलेले पदार्थ घरात ठेवीत नाहीत. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजलेली ‘मात्झा’ ही बेखमीर भाकरी खातात. यूरोपीय अश्केनाझी ज्यू या काळात तांदूळही टाळतात. बेने-इस्राएलांना तो चालत असल्याने रोजचा भात सुटत नाही. द्राक्षमद्य दुर्मिळ असल्याने धार्मिक विधींसाठी मनुका भिजवून त्यांचे सरबत करण्याची पद्धत रूढ झाली.

मलिदा : हा या समाजाचा खास विधी. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या स्मरणार्थ, नवस फेडताना, विवाहप्रसंगी वा गृहप्रवेशाच्या वेळी तो करतात. भिजविलेले पोहे, खवलेला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची व सुकामेवा एकत्र कालवून ताटात रचतात व भोवती फळे मांडतात. प्रार्थनेनंतर तो सर्वांना वाटतात. यात विस्तव लागत नाही व मांस किंवा दूधही नसते, म्हणून तो कोणत्याही जेवणाबरोबर चालतो.

सद्यःस्थिती : १९४८ मध्ये इझ्राएलची स्थापना झाल्यावर समाजातील बहुसंख्य लोक तेथे स्थलांतरित झाले. तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतल्याने त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. रामला, लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद या शहरांत आजही त्यांच्या घरी मलिदा होतो. भारतात आता काही हजारच ज्यू उरले आहेत. विहित पद्धतीने पशू कापणारे ‘शोहेत’ दुर्मिळ झाल्याने अनेक कुटुंबे मासे, अंडी व भाज्या यांवर भर देतात. हलव्यासाठी गव्हाच्या चिकाऐवजी मक्याचे पीठ किंवा चायनाग्रास वापरण्याची सोयही रुळली आहे. साधने बदलली, तरी दूध व मांस वेगळे ठेवण्याचा नियम आणि नारळाचे स्थान ही या खाद्यपद्धतीची दोन मुख्य लक्षणे टिकून आहेत.