फुप्फुसाबाहेरचा क्षयरोग : निदान आणि उपचार

या संस्थेत शिकून पुढे आरोग्यसेवेत रुजू झालेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना गावाकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "थुंकी तपासली, काही निघाले नाही, छातीचा फोटोही चांगला आहे, मग डॉक्टर टीबी कसा म्हणतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पालकांना व समाजबांधवांना ठाऊक असले, तर मुलांचे आरोग्य आणि शिक्षण या दोहोंची हानी टळू शकते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय येथे मांडत आहोत.

क्षयरोगाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. परंतु ते तेथेच राहतील असे नाही. रक्तातून व लसिकेतून ते शरीरात दूरवर पोहोचतात. केस आणि नखे सोडली, तर बहुतेक कोणत्याही अवयवाला हा रोग होऊ शकतो. भारतात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश रुग्णांचा आजार फुप्फुसाबाहेरचा असतो.

त्याची रूपे निरनिराळी आहेत. सर्वांत अधिक आढळते ती मानेतील गाठ. आपल्या जुन्या पिढीने तिला 'गंडमाळ' हे नाव दिले होते. ही गाठ बहुधा दुखत नाही, हळूहळू वाढते, कधी फुटून वाहू लागते. त्या खालोखाल छातीत पाणी होणे. पोटाच्या क्षयात पोट फुगते, दुखते, वजन घटते. मणक्याच्या क्षयात पाठीचे दुखणे आठवड्यांमागून आठवडे हटत नाही. पुढे पाठीला पोक येते, पायांतील बळ जाते. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्येच या पोकाचे आणि लुळ्या पडणाऱ्या पायांचे वर्णन केले होते. त्यामागचा जंतू मात्र रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये दाखवून दिला. सर्वांत घातक तो मेंदूच्या आवरणाचा क्षय. दिवसेंदिवस न उतरणारा ताप, वाढती डोकेदुखी, उलट्या, मुलाचे चिडचिडे वा सुस्त होणे, ही लक्षणे दिसताच मोठे रुग्णालय गाठावे. तेथे एकेक दिवस मोलाचा असतो. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस बालकांना याच गंभीर प्रकारापासून बरेचसे संरक्षण देते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोग मानेत असेल, तर थुंकीत जंतू सापडणार कसे? जेथे रोग, तेथलाच नमुना तपासावा लागतो. गाठ असेल तर सुईने तिच्यातील अंश काढतात. छातीत वा पोटात पाणी असेल तर ते पाणी, मेंदूच्या आजारात पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी आणि हाडाच्या आजारात बायोप्सीचा तुकडा तपासतात. मणक्यासाठी एमआरआयचीही गरज भासते. पाठीतून पाणी काढल्याने माणूस लुळा होतो, ही समजूत निराधार आहे. या भीतीपायी तपासणी नाकारणाऱ्या कुटुंबाचेच मोठे नुकसान होते.

नमुन्याबाबत एक बारकावा पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. गाठीचा तुकडा काढल्यावर तो पुष्कळदा संपूर्णपणे फॉर्मॅलिनमध्ये ठेवला जातो. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी ते योग्यच. पण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग त्यांची वाढ करून पाहता येत नाही. म्हणून नमुन्याचा काही भाग साध्या सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅट व कल्चर या तपासण्यांसाठी पाठवावा लागतो. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत जंतूचा शोध घेते आणि रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध त्यावर चालेल की नाही, हेही सांगते. "डॉक्टरसाहेब, नमुना सीबीनॅटलाही पाठवणार ना?" एवढे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

तथापि फुप्फुसाबाहेरच्या आजारात जंतू संख्येने थोडे असतात. त्यामुळे अहवालात ते आढळले नाहीत, म्हणून रोग नाहीच असे ठरत नाही. अशा वेळी लक्षणे, पेशींची तपासणी व सोनोग्राफी यांचा एकत्र विचार करून डॉक्टर निर्णय घेतात. मेंदूच्या क्षयाचा दाट संशय असेल, तर अहवालाची वाट न पाहता औषधे सुरू करावी लागतात. मात्र साध्या गाठीत नमुना न घेता 'गोळ्या देऊन पाहू' हा मार्ग बरा नव्हे. गाठीची कारणे अनेक असतात. त्यांत कर्करोगही असू शकतो. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने 2012 मध्ये बंदीच घातली आहे.

उपचार बहुतांशी त्याच औषधांनी होतात. नेहमीच्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे, नंतर चार महिने तीन औषधे, दररोज, वजनाच्या प्रमाणात. गाठीच्या क्षयाला सहा महिने पुरतात. मेंदूच्या आवरणाच्या क्षयाला किमान 9 ते 12 महिने, तर हाडांच्या व मणक्याच्या क्षयाला साधारणपणे 12 महिने लागतात. मेंदूच्या क्षयात प्रारंभी स्टिरॉइडही देतात. लघवी नारिंगी होणे हा औषधाचा रंग आहे, त्याला घाबरू नये. परंतु डोळे पिवळे होणे, सतत उलट्या किंवा दृष्टी अंधुक होणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. उपचार चालू असताना गाठ काही काळ वाढूही शकते. तेवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरवून ते सोडू नये. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

वसतिगृहाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा शेवटी. केवळ मानेत गाठ असलेल्या विद्यार्थ्याकडून, फुप्फुसे निरोगी असल्यास, हवेतून संसर्ग होत नाही. छातीची तपासणी करून ही खात्री झाली, की त्याचे ताट वेगळे करण्याचे, त्याला खोलीतून हलवण्याचे वा घरी धाडण्याचे काहीही कारण उरत नाही. ज्या समाजाने विटाळाचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याने आजाराच्या नावाखाली आपल्याच लेकराला दूर बसवावे, हे आपल्याला शोभणारे नाही. उलट शोध घ्यावा तो संसर्गाच्या उगमाचा. मुलाला हा जंतू बहुधा निकटच्या, खोकणाऱ्या प्रौढाकडून मिळालेला असतो. म्हणून घरातील सर्वांची तपासणी व्हावी.

सरकारी केंद्रांत निदान व औषधे विनामूल्य आहेत. निक्षय पोषण योजनेतून उपचारकाळात दरमहा 1000 रुपये बँक खात्यात जमा होतात, त्यासाठी नोंदणी आवश्यक आहे. माहितीसाठी 1800-11-6666 हा निःशुल्क क्रमांक आहे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी गाठ, ताप वा पाठदुखी अंगावर काढू नये, निदानासाठी नमुना द्यावा आणि औषधाचा एकही दिवस चुकवू नये, एवढीच आमची आग्रहाची विनंती.