पाचोळा उडवणारं यंत्र आणि कानाचा हिशेब

‘‘साठ म्हणालात की आठ?’’

मामांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला तेव्हा मी जरा चिडलोच. साठ नंबरच्या खाटेजवळ सलाइनची काचेची बाटली फुटली होती आणि मामा आठ नंबरच्या खाटेपाशी जाऊन, सगळं स्वच्छ आहे असं सांगत परत आले होते. सरकारी रुग्णालयात सफाईच्या आणि वॉर्डाच्या कामावरचे सगळे पुरुष कर्मचारी ‘मामा’ असतात आणि बायका ‘मावशी’. हे मामा पंचेचाळिशीचे. कानात मळ साठला असेल म्हणून मी त्यांना आमच्याच कान-नाक-घसा विभागात पाठवलं. कान स्वच्छ होते. मग ऑडिओग्राम काढला, म्हणजे कोणत्या पट्टीतला आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख. दोन्ही कानांत 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा होता. तिथल्या सहकारी डॉक्टरांनी मला फोन केला, ‘‘सर, हे आधी कुठल्या कारखान्यात होते?’’

मामा कुठल्याच कारखान्यात नव्हते. गेली तीन वर्षं ते रोज सकाळी रुग्णालयाच्या आवारातला पालापाचोळा पाठीवरच्या ब्लोअरनं उडवत होते. ते यंत्र ज्या खरेदी समितीनं घेतलं, तिच्यात मी होतो.

आमचं आवार मोठं आहे. कडुलिंब, शिरीष, दोन जुने वड. फेब्रुवारी-मार्चमध्ये खराट्यानं एक बाजू झाडून होईपर्यंत दुसरी भरून जाते. तेव्हा तीन कोटेशनं आली. मी त्यातला एकच रकाना पाहिला, हवेचा वेग. सगळ्यात मोठा आकडा ताशी 300 किलोमीटरच्या वर होता. त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढच्या फायलीकडे वळलो. आवाजाचा आकडा दुसऱ्या पानावर होता, तो कुणी वाचला नाही. रुग्णालय हे शांतता क्षेत्र असतं, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे तिथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे, हे तर आमच्या फाटकावरच्या पाटीवरच लिहिलेलं होतं.

आता मोठ्या सोसायट्या, शाळा, रिसॉर्ट, फार्महाउस सगळीकडे ही यंत्रं दिसू लागली आहेत. (द्राक्षबागायतदार ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राला ब्लोअर म्हणतात, ते वेगळं. पण नातं जवळचं आहे. पाठीवरचा हा ब्लोअरही मुळात पिकांवर औषध मारण्याच्या यंत्रातूनच निघाला. औषधाची टाकी काढली आणि नुसती हवा ठेवली.) ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, डॉक्टर, सोसायटीसाठी घ्यायचाय, जोरदार कुठला? मी काही यंत्रांचा जाणकार नाही. पण मामांचा आलेख पाहिल्यापासून मी माहितीपत्रकं वेगळ्या नजरेनं वाचतो.

सगळ्यात फसवा आकडा आवाजाचा. पेट्रोलवरच्या पाठीच्या ब्लोअरवर बहुधा 65 ते 75 डेसिबल लिहिलेलं असतं. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरएवढं, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण अमेरिकी पद्धतीनुसार हा आकडा यंत्रापासून 50 फुटांवर, म्हणजे सुमारे 15 मीटरवर मोजलेला असतो. रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला काय ऐकू येईल, ते तो सांगतो. मामांचा कान इंजिनापासून हातभरही लांब नसतो. तिथे मोजलं तर आवाज 95 ते 105 डेसिबलच्या घरात जातो.

डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखं नाही. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास काम करावं, त्याहून जास्त नाही, अशी अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. असं निम्मं निम्मं करत गेलं की 100 डेसिबलला उरतात फक्त 15 मिनिटं. मामा रोज दीड तास ब्लोअर चालवत. सहा दिवसांचा कोटा एका सकाळी संपत होता.

आतल्या कानात शंखासारखी एक नळी असते. तिच्यात केसाळ टोकांच्या सुमारे 15 हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटांनी ही टोकं हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. फार मोठ्या आवाजानं ती दमतात, वाकतात, शेवटी पेशीच मरतात. त्वचा नवी येते, हाड सांधतं, पण माणसात या पेशी परत उगवत नाहीत. आधी मरतात त्या उंच पट्टीतल्या, 4000 हर्ट्झच्या आसपासच्या. त्यामुळे सुरुवातीला माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटतच नाही. आवाज येतो, शब्द सुटत नाहीत. स, श, फ यांसारखी नुसत्या हवेची अक्षरं गळून पडतात आणि ‘साठ’चा ‘आठ’ होतो. मामा सांगत होते, मुलगा बोलतो ते कळतं, पण चार वर्षांची नात काय बोलते ते कळत नाही. तिचा आवाज बारीक आहे ना!

हा सगळा दोष ब्लोअरचाच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मामा गणपतीत ढोल वाजवायचे, वरातीतल्या डीजेसमोर नाचलेही असतील. यंत्र हाती देण्याआधी त्यांचा ऑडिओग्राम काढला असता तर आज नक्की सांगता आलं असतं. तो आम्ही काढला नाही. रुग्णालयात राहून!

दुसरा प्रश्न धुराचा. यातली बरीच यंत्रं टू-स्ट्रोक इंजिनाची असतात. ज्यांनी जुन्या स्कूटरला किक मारण्याआधी ती तिरकी केली आहे आणि पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेतलं आहे, त्यांना हा धूर आठवेल. तशा स्कूटर रस्त्यावरून केव्हाच गेल्या, इंजिन मात्र पाठीवर आलं. आणि ते छोटं नसतं. मोठ्या ब्लोअरचं इंजिन 60 ते 80 सीसीचं असतं, म्हणजे 110 सीसीच्या स्कूटरच्या निम्म्याहून मोठं. टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं केलेली एक तुलना प्रसिद्ध आहे. असा व्यावसायिक ब्लोअर तासभर चालवला की धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं होण्यासाठी 2016 ची टोयोटा कॅमरी सुमारे 1,770 किलोमीटर चालवावी लागेल. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. नागपूरहून निघून त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलात तरी एवढे किलोमीटर भरत नाहीत. वॉशिंग्टन डीसीमध्ये 2022 पासून पेट्रोल ब्लोअर वापरायलाच बंदी आहे. कॅलिफोर्नियानं 2024 पासून अशी नवी इंजिनं बनवून विकण्यावर पडदा टाकला.

तिसरा प्रश्न धुळीचा, आणि तो बॅटरीच्या यंत्रानंही सुटत नाही. ताशी 300 किलोमीटरचा झोत पानाबरोबर पानाखालची माती उडवतो. त्या मातीत कबुतरांची वाळलेली विष्ठा असते, बुरशीचे बीजाणू असतात, गाजरगवताचा भुगा असतो. गाजरगवतानं चेहरा, मान आणि कोपराची लवण काळवंडून खाजवत बसलेले रुग्ण आमच्या त्वचारोग विभागात नेहमी असतात. दमेकरी आणि कबुतरांच्या विष्ठेची ॲलर्जी असणाऱ्यांनी झोताच्या आसपास फिरकूही नये. आणि आम्ही हे सगळं बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसमोर, सकाळी नऊ वाजता उडवत होतो.

मग घ्यायचंच असेल तर काय पाहायचं? आधी काम पाहा. हवेचा वेग आणि हवेचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओली, जमिनीला चिकटलेली पानं सोडवायला वेग लागतो. कोरडा पाचोळा ढकलत न्यायला प्रमाण लागतं, म्हणजे तासाला किती घनमीटर हवा बाहेर पडते ते. आपल्याकडे पानगळ कोरड्या दिवसांत होते, त्यामुळे नुसत्या वेगाच्या आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही. आवार एका इमारतीभोवतीचं असेल तर पाठीवरचं यंत्र लागतच नाही. खराटा पुरतो, फार तर हातातला बॅटरीचा ब्लोअर. एकरभर किंवा त्याहून मोठं आवार असेल तरच पाठीवरच्याचा विचार करावा, आणि त्यातही पहिली पसंती बॅटरीला. पूर्ण जोरावर ती अनेकदा तासभरही टिकत नाही, हे खरं. मला तो दोष वाटत नाही, माणसालाही तेव्हा थांबायलाच हवं.

विक्रेत्याला ‘आवाज किती?’ विचारू नका, ‘चालवणाऱ्याच्या कानापाशी किती?’ विचारा. हा आकडा बहुधा माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, बारीक अक्षरांत असतो. मिळाला नाही तर दुकानातच यंत्र सुरू करायला लावा. चालवणाऱ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून बोला. आवाज चढवावा लागला, तर तो 85 च्या वर गेला असं समजा. यंत्र 10-12 किलोचं, वर इंधन. कमरेचा पट्टा असेल असंच घ्या आणि वजन खांद्यावर नाही, कमरेवर येईल असा तो आवळा. हँडल धरून बोटांना मुंग्या येत असतील किंवा बोटं पांढरी पडत असतील, तर तो थरथरीचा परिणाम आहे. ते चालवून घेऊ नका.

कानात कापसाचा बोळा घालून काही होत नाही. गाणी ऐकायचे इअरफोन तर आवाजात आवाज वाढवतात. फोमचे इअरप्लग घ्या. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत घालायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता टेकवलेला प्लग कामाचा नाही. त्यावर हेडफोनसारखे इअरमफ घातले तर उत्तम. डोळ्यांना बंद गॉगल, तोंडाला एन-95 मास्क, रुमाल नाही. यंत्र अर्ध्या जोरावर, माणसं नसतील अशा वेळी. पाचोळा पेटवू नका, झाडांच्या आळ्यात पसरा.

ब्लोअर सरसकट वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उन्हाळ्यात जंगलात वणवा पसरू नये म्हणून वनकर्मचारी याच यंत्रानं जाळरेषेवरचा पाचोळा हटवतात. तिथे त्याचा जोर कामी येतो. आमच्या आवारात आग लागायची नव्हती.

मामांना मी खराट्याकडे परत जा म्हणालो, तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘साहेब, खराटा हातात असला की लोक अंगावरून जातात. हे पाठीला असलं की बाजूला सरकतात.’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सध्या ते आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, इअरप्लग आणि इअरमफ दोन्ही लावून अर्धा तास ब्लोअर चालवतात. बाकीचे दिवस दोघं मिळून खराटा मारतात. सहा महिन्यांनी पुन्हा ऑडिओग्राम आहे. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकलं का एवढंच कळेल. नव्या यंत्राची कोटेशनं गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर आली. त्यातल्या एकात आवाजाच्या रकान्यात 74 डेसिबल लिहिलंय. मी शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘किती अंतरावर?’ आणि कागद परत पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.