नंबर लागेल तेव्हा आमचं वय काय असेल?

ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या संकेतस्थळावर आईवडिलांच्या व्हिसाचं एक पान आहे. मुलांजवळ कायमचं राहण्यासाठी साधा ‘पेरेंट’ व्हिसा आज मागितला, तर तो हाती यायला ३० वर्षांहून जास्त काळ लागू शकतो, असं त्यावर सरळ लिहिलेलं आहे. माझं वय ६६, ह्यांचं ७१. लेकीनं मेलबर्नहून फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा हे शांतपणे म्हणाले, “म्हणजे मी एकशे एक वर्षांचा असेन. खिडकीची सीट मिळेल ना?”

माझ्या डोक्यात मात्र लगेच हिशोब सुरू झाला. प्रतीक्षायादी हा माझ्या पोटापाण्याचाच विषय होता. १९८२ साली मी साताऱ्याच्या टेलिफोन कचेरीत कारकून म्हणून लागले. त्या काळी घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न यायचा, “बाई, आमचा नंबर कुठवर आलाय?” एक्स्चेंजमध्ये यंदा किती जोडण्या निघणार, आपल्यापुढे किती अर्ज आहेत आणि मधल्या मध्ये पुढे घुसणारे किती, हे तीन आकडे कळले की कुणालाही आपली पाळी काढता येते. ऑस्ट्रेलियाच्या यादीला मी तेच तीन आकडे लावून पाहिले.

२०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी तिथल्या सरकारनं जगभरातल्या सगळ्या पालकांना मिळून ८,५०० जागा ठेवल्या. थांबलेले अर्जदार दीड लाखाच्या घरात. सगळ्यांची एकच रांग धरली तरी सतरा-अठरा वर्षं होतात. पण रांगा दोन आहेत, आणि जागांपैकी सुमारे ८० टक्के दुसऱ्या रांगेकडे जातात.

पैसे भरणाऱ्यांची रांग

आमच्या खात्यातही दोन रांगा होत्या. एक साधी, दुसरी ‘ओवायटी’ची. ‘ओन युवर टेलिफोन’ म्हणजे अनामत भरभक्कम भरा आणि फोन लवकर घ्या. सोन्याचे दुकानदार, बागायतदार ओवायटीत. शाळामास्तर साध्या यादीत.

ऑस्ट्रेलियानं २००३ साली ‘कॉन्ट्रिब्युटरी पेरेंट’ नावाचा व्हिसा काढला, तो याच जातीचा. अर्ज करताना एक हप्ता, आणि नंबर लागल्यावर दुसरा हप्ता माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर. आपल्याकडचे साधारण २५ लाख रुपये. दोघांचे ५० लाख. साताऱ्यातला आमचा फ्लॅट विकला तर एवढे येतील, पण मग परत यायला जागा उरणार नाही. शिवाय आईवडिलांनी सरकारी मदत घेतली तर ती आम्ही फेडू, असं हमीपत्र कुणीतरी द्यायचं आणि त्यापोटी बँकेत वेगळी अनामत ठेवायची.

एवढं करून ही रांग तरी झटपट सरकते का? आज अर्ज करणाऱ्याला तिथंही एका तपाहून जास्त थांबावं लागेल. आमचे ओवायटीवाले इतके थांबले असते तर त्यांनी कचेरीची काच फोडली असती.

पारडं कुठं झुकतं?

रांगेत उभं राहण्याआधी एक परीक्षा असते, ‘बॅलन्स ऑफ फॅमिली’. तुमच्या एकूण मुलांपैकी निदान निम्मी ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी हवीत. निम्मी नसतील, तर इतर कोणत्याही एका देशात जितकी असतील त्यापेक्षा ऑस्ट्रेलियात जास्त हवीत. आमचा मुलगा पुण्यात, मुलगी मेलबर्नला. म्हणजे बरोबर निम्मी, आम्ही पास. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींची तीन मुलं: एक कोल्हापुरात, एक न्यू जर्सीत, एक सिडनीत. त्या नापास. सिडनीचा मुलगाच त्यांची सगळ्यात जास्त विचारपूस करतो, पण हा नियम डोकी मोजतो. कोल्हापूरचा मुलगा उद्या ब्रिस्बेनला गेला, तर मात्र त्या पास होतील.

परीक्षा पास झाली, कागद लागले, की अर्जाला रांगेची तारीख मिळते. कागदांचं प्रकरण आपल्या पिढीला चांगलंच जड जातं. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत मुलीचं नावच नसतं, नुसतं ‘स्त्री’ असतं. दाखल्यावर आईचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं. ही सगळी नावं जुळवून देणारी प्रतिज्ञापत्रं करता करता आपणच आपले कोण, असा प्रश्न पडतो.

नंबर जवळ आला की पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय तपासणी. ही तपासणी शेवटी होते, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. उपचारांवर तिथल्या सरकारचा जो खर्च होईल त्याचा अंदाज ठरावीक मर्यादेबाहेर गेला, तर व्हिसा नाकारतात. २०२४ पासून ती मर्यादा ८६,००० डॉलर आहे. या पालक-व्हिसांना त्यात सूट नाही. म्हणजे साठीत अर्ज करायचा, नव्वदीत तपासणीला जायचं, आणि तेव्हा मूत्रपिंडं ठणठणीत असायला हवीत.

‘नाही’ कुणी म्हणायचं?

त्या सरकारची बाजूही समजून घ्यावी. वृद्ध माणूस कर फारसा भरत नाही, दवाखान्यात मात्र जातो. तिथल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी कमिशन’नं २०१६ साली अंदाज मांडला होता की, एका पालकामागे सरकारी तिजोरीवर आयुष्यभरात ३ लाख ३५ हजार ते ४ लाख १० हजार डॉलरचा निव्वळ बोजा पडतो. माणशी ४३,६०० डॉलर भरणाराही त्यातला थोडाच भाग भरतो. एखाद्या देशाला हे परवडत नसेल, तर तसं म्हणण्याचा त्याला हक्क आहे.

पण तसं म्हणायला कुणी तयार नाही. जून २०१४ मध्ये सरकारनं साधा पालक-व्हिसा बंदच केला होता. त्याच सप्टेंबरमध्ये सिनेटनं तो निर्णय उलटवला आणि रांग पुन्हा उघडली. २०२३ मध्ये मार्टिन पार्किन्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं स्थलांतराच्या सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला. बहुधा कधीच न मिळणाऱ्या व्हिसासाठी लोकांकडून अर्ज घेत राहणं क्रूर आहे, असं त्या अहवालानं स्पष्ट नोंदवलं. अर्ज घेणं तरीही चालू आहे. बंद केलं तर मतदार असलेली मुलं रागावतील. जागा वाढवल्या तर तिजोरी रागावेल. रांग असली की कुणीच रागावत नाही.

पाहुणे आणि भाडेकरू

मग लोक काय करतात? बहुतेक जण ६०० क्रमांकाचा व्हिजिटर व्हिसा घेतात. पालकांना तो बऱ्याचदा काही वर्षांचा मिळतो, पण त्यावर १८ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहता येणार नाही, अशी अट असते. पंचाहत्तरी ओलांडली की वैद्यकीय तपासणी आली. व्हिसाच्या पत्रात ‘८५०३’ हा आकडा दिसतो का, तेही पाहावं. ही ‘नो फर्दर स्टे’ची अट. ती असली की तिथं राहून पुढचा दुसरा व्हिसा मागता येत नाही.

ती अट नसलेले, ६७ पूर्ण केलेले काही पालक वेगळी वाट धरतात. ते तिथं पोहोचल्यावर ‘एज्ड पेरेंट’ व्हिसाचा अर्ज टाकतात. निकाल लागेपर्यंत ‘ब्रिजिंग’ व्हिसावर राहता येतं, आणि निकाल ३० वर्षांनी लागणार असेल तर प्रश्नच मिटला. मात्र भाच्याच्या लग्नाला भारतात यायचं तरी आधी वेगळा ब्रिजिंग व्हिसा काढावा लागतो. तो न काढता निघालात तर परतीचं दार बंद.

२०१९ पासून आणखी एक सोय आहे, ८७० क्रमांकाचा तात्पुरता पालक-व्हिसा. तीन वर्षांना सुमारे ६ हजार डॉलर, पाच वर्षांना सुमारे १२ हजार, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं. मुलांच्या डोक्यांची परीक्षा इथं नाही. मुलाला किंवा मुलीला आधी प्रायोजक म्हणून मान्यता घ्यावी लागते, आरोग्यविमा लागतो, नोकरी करता येत नाही. थोडक्यात, ठरावीक मुदतीचं भाडेकरूपण.

पण यातही एक मेख आहे. एका घराला एका वेळी दोनच पालक आणता येतात. नवराबायकोचे मिळून पालक चार, जागा दोन. हा नियम करणाऱ्यांना आपल्याकडचं सासर-माहेर ठाऊक नसावं. आमच्या विहीणबाई कराडच्या, मनानं मोकळ्या. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही पाच वर्षं जाऊन या, मग आम्ही जातो. फक्त आमचे गुडघे तोवर टिकतील याची हमी तुमच्या लेकीकडून लिहून घ्या.”

टार्नीटला, लेकीच्या उपनगरात, मी अशी बरीच घरं पाहिली. अर्धं वर्ष माहेरचे, अर्धं वर्ष सासरचे. एक जोडी विमानतळावर उतरते तेव्हा दुसरीच्या बॅगा भरून तयार असतात. नातवंडांना शाळेतून आणणं, डबे, पोळ्या, संध्याकाळी बागेत मराठी बोलणारी आणखी दोन माणसं शोधणं. पाळणाघराचा खर्च वाचतो हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही.

इतर देशांत

अमेरिकेत २१ वर्षांवरील नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीनकार्ड द्यायला संख्येची मर्यादाच नाही. पण मूल नागरिक हवं. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं नोकरीवर गेलेली आपली हजारो मुलं स्वतःच ग्रीनकार्डाच्या रांगेत आहेत. त्यांच्या आईवडिलांना पाहुणे म्हणून एका खेपेला सहसा सहा महिनेच. कॅनडानं सोडतीसाठी मुलांकडून नावं शेवटची घेतली ती २०२० साली, आणि पुढची आमंत्रणं त्याच नावांतून काढली. मात्र तिथला ‘सुपर व्हिसा’ २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षं राहू देतो. न्यूझीलंडनं सप्टेंबर २०२५ मध्ये तसाच पाच वर्षांचा ‘पेरेंट बूस्ट’ सुरू केला. ब्रिटननं २०१२ पासून अट घातली की, पालकाला रोजच्या देखभालीची गरज असावी आणि ती मायदेशी पैसे देऊनही मिळू नये. आपल्याकडे पैसे दिले की बाई मिळते, त्यामुळे अर्ज टिकणं कठीण. मला विचाराल तर यात ब्रिटन सगळ्यात कठोर आणि सगळ्यात सरळ. निदान उत्तर कळतं.

रांग कुणाच्या सोयीची?

लांबलचक रांग सरकारच्या सोयीची आहे, हे वर आलंच. ती आपल्या घरातही सोयीची असते. अर्ज टाकला की मुलांना वाटतं, आपण आईबाबांसाठी काहीतरी केलं. आणि आईबाबांना, “आम्हाला तिकडे कायमचं यायचं नाही रे,” हे तोंडानं म्हणावं लागत नाही. “अर्ज केलाय, बघू नंबर कधी लागतो ते,” एवढ्यावर दहा वर्षं निघतात. तेवढ्यात दोघांपैकी एक जण जातो, आणि मग मागे राहिलेल्यानं कुठं राहायचं हे ठरवलेलंच नसतं.

खरा प्रश्न तिथंच आहे. दोघं आहोत तोवर आम्हाला सातारा पुरतो. ह्यांचा सकाळचा फेरा, माझा भिशीचा गट, ओळखीचा डॉक्टर, बोलीभाषेतलं भांडण, हे सगळं टार्नीटला नाही. पण एकटं उरल्यावर? या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीस वर्षांची यादी निरुपयोगी आहे. तेव्हा जे लागेल ते महिन्या-दोन महिन्यांत लागेल.

म्हणून आम्ही चौघं व्याही-विहिणी कराडला एकत्र बसलो आणि ठरवलं. कायमच्या यादीत कुणीच नाव घालायचं नाही. पाय चालताहेत तोवर पाहुणे म्हणून आलटून पालटून जायचं. ८७० ची जागा कुणी हौसेनं अडवायची नाही. चौघांपैकी जो आधी एकटा पडेल, त्याला हवी असेल तर ती त्याची. आमच्यापुरता पुण्याचा मुलगाही आहे, त्याच्याशीही हे बोलून ठेवलं. हे कागदावर लिहिलं आणि सह्या केल्या, कारण माझा तोंडी नंबरांवर कधीच विश्वास नव्हता.

लेकीला सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. “तुम्हाला माझ्याकडे यायचंच नाहीये.” मी म्हटलं, “यायचंय. राहायचं नाहीये.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं तिकडच्या शाळेच्या सुट्ट्या काढल्या, जावयाच्या रजा पाहिल्या, आणि यंदा आम्ही जायच्याऐवजी लेकीकडचेच चौघं दिवाळीला येणार असं ठरलं. परदेशी नागरिक असलेल्या नातवंडांना व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागतं, एवढंच. ती कार्डं आहेत.