गेटबाहेरचं गोदाम

चाकणचा तळेगाव चौक. सकाळचे साडेनऊ, पण एप्रिलचं ऊन डांबरावर चढलंय. नाशिककडून कंटेनर, शिक्रापूरकडून ट्रेलर, मोशीच्या बाजूने आमचा टेम्पो. सगळे एकमेकांच्या तोंडाशी अडकलेले. कंपन्यांच्या बस पडदे ओढून उभ्या. दुचाकीवरचा एक फिटर कडेच्या मुरमातून वाट काढतो. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर डब्याची सॅक.

टेम्पोत निळे क्रेट आहेत. त्यांत तेल लावलेले बुश, प्रत्येकाला वेगळा कप्पा, ओरखडा उठू नये म्हणून. भोसरीतल्या एका शेडमध्ये रात्रपाळीने ते सीएनसीवरून उतरवलेत. कंपनीत माल उतरवायला अकराचा स्लॉट आहे. ड्रायव्हर सारखा मोबाइलवर वेळ बघतो.

"चुकला तर?"

"मग बसायचं दादा, नंबर येईपर्यंत."

चौक सुटतो. टेम्पो तळेगाव रस्त्याला लागतो. खराबवाडीपासून दोन्ही बाजूंना गाळे, खाणावळी, भाड्याच्या खोल्या. गॅलऱ्यांमधून निळे-करडे युनिफॉर्म वाळतायत. इथली ओळख कांद्याची. चाकणचा कांदाबाजार आजही भरतो. 2009 मध्ये याच पट्ट्यात एका जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. असा कारखाना एकटा येत नाही. त्याला सुटे भाग देणाऱ्या परदेशी कंपन्या मागोमाग येतात आणि शेजारी शेड टाकतात. त्या सुट्या भागांचेही सुटे भाग मात्र भोसरीतून येतात. लेथवरचे हात पिंपरी-भोसरीत साठच्या दशकापासून तयार होत आलेत. परदेशी कंपन्यांनी हा पट्टा निवडला त्यात या हातांचाही वाटा आहे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण कारखान्याच्या फलकावर ते कुठे दिसत नाही.

गेट येतं. पुढे रांग. टोकन, चलन, पीयूसी, सेफ्टी शूज. हेल्परच्या पायात चपला आहेत, त्याला बाहेरच थांबवतात. सावली म्हणाल तर एका बाभळीची, आणि तिच्याखाली आधीच पाच-सहा ड्रायव्हर बसलेले. पत्र्याची केबिन तापून भट्टी झालीय.

आत साठा करायचा नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढंच मागवायचं, ही जपानी कारखान्यांतून जगभर गेलेली रीत. आत फिरलं तर जमीन खरंच मोकळी, लखलखीत दिसते. पण साठा संपलेला नसतो. तो इथे उन्हात उभा असतो, चाकांवर, आणि त्याचं डिझेल भोसरीचा शेडवाला भरतो.

नंबर लागतो. तपासणीच्या टेबलावरचा मुलगा एक बुश उचलतो, फडक्याने पुसतो, त्यात गेज घालतो. 'गो'ची बाजू अलगद आत जाते. उलटी बाजू, 'नो-गो', तोंडाशीच अडते. अडायलाच हवी. असे मोजकेच नग तपासले जातात, पण त्यांतला एक जरी बिघडला तरी सगळा लॉट परत जातो. इथे सदोष मालाचा हिशोब टक्क्यांत नाही, दहा लाख नगांमागे किती, असा होतो. या मापाने भोसरीला पुष्कळ शिकवलंय. ज्या शेडमध्ये मालकाची नजर हेच माप होतं, तिथे आज तासातासाचा तक्ता भिंतीवर लागतो. लातूरहून आलेला आयटीआयचा पोरगा ड्रॉइंग वाचतो, त्यातली चूक दाखवतो. हे शिक्षण कुणी हिरावून नेणार नाही.

काम मात्र जाऊ शकतं. हाच रस्ता पुढे तळेगावला जातो. तिथे एका अमेरिकन कंपनीचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला आणि 2020 अखेर त्यातलं उत्पादन थांबलं. 2023 मध्ये एका कोरियन कंपनीने तो घ्यायचा करार केला. मधल्या काळात इमारत टिकली. पण एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर कर्ज काढून मशिन घेतलेल्या शेडवाल्याला नवा मालक येईपर्यंत हप्ता थांबवता येत नाही.

चलनावर शिक्का बसतो. पैशांचे दिवस आता मोजायचे. लहान उद्योगांचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करा, असं 2006 चा कायदा सांगतो. शेडवाल्याला विचारा, तो नव्वदचा हिशोब धरून चालतो, आणि तगादा लावायला कचरतो. पुढची ऑर्डरही याच गेटमधून यायची असते.

रिकामे क्रेट टेम्पोत चढतात. तेवढ्यात शेडवरून फोन.

"चारच्या स्लॉटला अजून दहा क्रेट मागतायत. पोचशील ना?"

ड्रायव्हर चौकाच्या दिशेने बघतो. "माल भरून ठेवा शेठ, निघालोच," म्हणतो आणि टेम्पो वळवतो.