विश्लेषण : सोर्स कोड खुला, पण दार कुणासाठी? ओपन सोर्समधील ‘आचारसंहिते’चा वाद काय आहे?

वांगणी : बदलापूरच्या पुढच्या वांगणीत दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर अशा वापरकर्त्यांना एक पैसाही न मोजता मिळते. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक एनजी’चा आवाज मराठीही वाचतो. ही दोन्ही सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत. त्यांच्यामागे देणग्या आहेत आणि जगभरातल्या स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. हे स्वयंसेवक एकमेकांशी कसे वागतात, हा त्यामुळे केवळ त्यांच्यापुरता प्रश्न राहत नाही. वैतागून एखादा माणूस निघून गेला, तर त्याचे काम ज्याच्या रोजच्या वापरात आहे त्याचेही अडते. या वागण्याचे नियम लिहून काढावेत का, आणि काढले तर ते मोडणाऱ्याचा निवाडा कोणी करावा, यावरून ओपन सोर्सच्या जगात गेली दहा-बारा वर्षे वाद धुमसतो आहे.

ओपन सोर्स म्हणजे नेमके काय?

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो ते ओपन सोर्स. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात असलेले लिनक्स, प्रोग्रॅमिंगसाठी सर्रास वापरली जाणारी पायथन ही भाषा, रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिलेला ‘लोहित’ देवनागरी फॉन्ट ही त्याची उदाहरणे. बदल सुचवायचा असेल तर तो प्रकल्पाकडे पाठवायचा. प्रकल्प सांभाळणारे, म्हणजे ‘मेन्टेनर’, तो तपासतात आणि स्वीकारतात किंवा नाकारतात. परवाना कोड वापरण्याचा हक्क देतो. मात्र आपण पाठवलेला बदल स्वीकारला जाईल, किंवा निदान सभ्यपणे नाकारला जाईल, याची हमी परवाना देत नाही. वादाला सुरुवात होते ती इथे.

मग आचारसंहितेत काय असते?

आचारसंहिता म्हटले की आपल्याला निवडणूक आठवते. इथे तिचा अर्थ साधा आहे. प्रकल्पात कसे वागावे, काय खपवून घेतले जाणार नाही, तक्रार कोणाकडे करायची आणि पुढे काय होईल, हे सांगणारे एक-दोन पानांचे निवेदन. कोरलीन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये लिहिलेला ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ हा त्यातला सर्वाधिक उचलला गेलेला मसुदा. एनव्हीडीएचीही स्वतंत्र आचारसंहिता आहे.

लेखी नियम कशाला हवेत, हे कर्जत लोकलने जाणाऱ्याला चटकन उमजेल. चौथी सीट कोणाची, दारात कोणी उभे राहायचे, कोणता कोपरा कोणत्या ग्रुपचा, हे डब्यात कुठेही लिहिलेले नसते. रोजच्या प्रवाशाला ते ठाऊक असते. नवख्याला धक्का खाल्ल्यावर कळते. ओपन सोर्स प्रकल्पांतही नियम पहिल्यापासून होते. फक्त ते जुन्या मंडळींच्या डोक्यात होते. आचारसंहितेच्या समर्थकांचे म्हणणे एवढेच, की ते कागदावर आणा.

लिनक्समध्ये काय घडले?

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स कोडच्या पारखीसाठी जेवढे ओळखले जात, तेवढेच शिवराळ ईमेलसाठीही. चूक करणाऱ्या मेन्टेनरची ते साऱ्या जगासमोर हजेरी घेत. यूएसबी ३.० च्या ड्रायव्हरचे काम सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी २०१३ मध्ये या भाषेला उघड आक्षेप घेतला आणि २०१५ मध्ये कर्नलचे काम सोडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी लिनक्सने ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचे छोटे निवेदन स्वीकारले होते. त्याचा सूर असा, की तुमच्या कोडवर टीका होणारच, पण कोणाला वैयक्तिक त्रास झाल्यास कळवा.

खरे वळण आले १६ सप्टेंबर २०१८ रोजी. टॉरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेणार असल्याचे सांगितले आणि काही काळ बाजूला होत सूत्रे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे दिली. त्याच सुमारास लिनक्सने कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटवर आधारित आचारसंहिता स्वीकारली. ऑक्टोबरमध्ये टॉरवाल्ड्स परतले. लिनक्स काही बंद पडले नाही. मात्र ‘कोड उत्तम असेल तर माणूस कसाही चालेल’ हा जुना समज त्या महिन्यानंतर पूर्वीइतका निर्धास्त राहिला नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय?

विरोधकांचा पहिला मुद्दा गुणवत्तेचा. कोड चालतो की नाही एवढेच पाहा, लिहिणारा कोण आणि कसा याच्याशी काय देणेघेणे? दुसरा मुद्दा शब्दांच्या मोघमपणाचा. ‘अव्यावसायिक वर्तन’ म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या कंपनीत एक असते आणि भारतातल्या वसतिगृहात दुसरे. थेट बोलणे एका संस्कृतीत प्रामाणिकपणा ठरते, तर दुसरीत उद्धटपणा.

तिसरा मुद्दा हद्दीचा. ‘ओपल’ या प्रकल्पात २०१५ मध्ये एका योगदानकर्त्याला काढून टाकण्याची मागणी झाली. कारण त्याचा कोड नव्हता, प्रकल्पातले वर्तनही नव्हते. पारलैंगिक व्यक्तींविषयी त्याने ट्विटरवर केलेली विधाने होती. प्रकल्पाबाहेर माणूस काय बोलतो याचा हिशेब प्रकल्पाने ठेवावा का, यावर तेव्हा पडलेली फूट आजही सांधलेली नाही.

काहींचा विरोध वेगळ्या वाटेने व्यक्त झाला. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असलेल्या ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसच्या निर्मात्यांनी सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांचे मठासाठीचे नियमच आपली आचारसंहिता म्हणून ठेवले होते. २०१८ मध्ये त्यावर गदारोळ झाल्यावर त्याला ‘नीतिसंहिता’ असे नाव देण्यात आले.

जातीचा उल्लेख कसा आला?

सुरुवातीच्या आचारसंहितांत वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांची यादी असे, जात नसे. पाश्चात्त्य मसुद्यांतली ही त्रुटी भारतीयाला लगेच खटकणारी होती. कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंटच्या २.१ आवृत्तीत जात हा शब्द समाविष्ट झाला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये ‘सार्वत्रिक आचारसंहिता’ जाहीर केली. कोणत्या गोष्टींवरून अपमान करता येणार नाही, याच्या तिच्या यादीतही जात आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियालाही ती लागू आहे.

ऑनलाइन कामात जात दिसते कुठे, असे कोणी विचारील. ती खात्यावरच्या आडनावात दिसते, कॉलेजच्या नावात दिसते, बोलीत आणि इंग्रजीच्या उच्चारात ऐकू येते. अमेरिकेतील सिएटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली ती २०२३ मध्ये. म्हणजे हा प्रश्न भारतीय अभियंत्यांच्या सोबतीने सातासमुद्रापार पोहोचला आहे.

महाराष्ट्राला यातला पेच नवा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला. सॉफ्टवेअरचा परवाना आणि पिण्याचे पाणी यांची बरोबरी होऊ शकत नाही. पण ‘कागदावर खुले’ आणि ‘प्रत्यक्षात खुले’ यांतले अंतर मराठी माणसाला वेगळे समजावून द्यायला नको.

भारतीय नवोदितांबद्दल तक्रार काय?

गिटहबच्या २०२४ च्या अहवालानुसार अमेरिकेनंतर सर्वाधिक डेव्हलपर भारतात आहेत. त्यांत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी मोठ्या संख्येने आहेत. बायोडेटात ओपन सोर्सचे काम दाखवता आले तर नोकरीच्या मुलाखतीत वजन पडते. कॅम्पसमध्ये मोठ्या कंपन्या न येणाऱ्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यासाठी तर ही ओळखीपाळखीशिवाय उघडणारी वाट असते.

पण याची दुसरी बाजूही आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये एका भारतीय यूट्यूब चॅनेलवर त्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले आणि पाहणाऱ्यांनी एखादा शब्द इकडचा तिकडे केलेल्या निरर्थक बदलांचा पाऊस पाडला. विनामोबदला काम करणाऱ्या मेन्टेनरांचे दिवस ते नाकारण्यात गेले. आयोजकांना नियम बदलावे लागले आणि इच्छुक प्रकल्पांपुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला.

या प्रसंगात दोन्ही पक्षांना नियमांची गरज होती. मेन्टेनरला ‘हा कचरा आहे, पुन्हा पाठवू नका’ असे ठणकावून सांगता आले पाहिजे. पण ते सांगताना साऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना एका माळेचे मणी ठरवता कामा नये. चांगली आचारसंहिता या दोन वाक्यांतला फरक दाखवते. ती कामावरच्या टीकेला मोकळीक देते आणि माणसावरच्या टीकेला आवर घालते.

निवाडा कोण करणार?

अलीकडच्या वादांत प्रश्न नियम असावेत की नसावेत, हा राहिलेला नाही. ते राबवणारे कोण, हा झाला आहे.

‘रस्ट’ या भाषेच्या समुदायात वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या मॉडरेशन गटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सामूहिक राजीनामा दिला. प्रकल्पाचा सर्वोच्च गट स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, हे त्यांचे कारण होते. म्हणजे नियम होते, पण वरच्यांना ते लावण्याची सोय नव्हती.

पायथनमध्ये उलट तक्रार झाली. या भाषेच्या जडणघडणीत पहिल्यापासून असलेले टिम पीटर्स यांना ऑगस्ट २०२४ मध्ये तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. आक्षेपांच्या यादीत एक असा होता, की उपविधी बदलण्याच्या चर्चेतील १७७ पैकी ४७ संदेश त्यांचेच होते. शिवीगाळ नाही, धमकी नाही; मग जास्त बोलणे हा गुन्हा कसा, असा सवाल अनेकांनी केला. निर्णयाच्या समर्थकांच्या मते हा प्रश्न एका संदेशाचा नव्हता, साऱ्या वर्तनाचा होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये लिनक्सने ‘बीकॅशएफएस’ या फाइल सिस्टिमचे निर्माते केंट ओव्हरस्ट्रीट यांचे बदल एका आवृत्तीपुरते न स्वीकारण्याचा निर्णय घेतला. कारण होते सहकाऱ्याला उद्देशून वापरलेली अपमानास्पद भाषा. त्यानंतर बदल पाठवण्याच्या नियमांवरूनही खटके उडत राहिले आणि २०२५ मध्ये ही फाइल सिस्टिम मुख्य कर्नलमधून बाहेर पडली. भांडण विकासकांचे होते, पण तिच्यावर आपली माहिती साठवलेल्या वापरकर्त्यांनाही पर्याय शोधावा लागला.

भारतात कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. त्यात अंतर्गत समितीवर संस्थेबाहेरचा एक सदस्य लागतो, चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे आणि निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते. ओपन सोर्स प्रकल्पांवर असे कोणतेही बंधन नाही. बरेचदा तक्रार ज्या ईमेल पत्त्यावर पाठवायची, तो पत्ताच प्रकल्पाच्या प्रमुखाचा असतो. तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल तर?

मग आचारसंहिता हवी की नको?

हवी. जुन्या सदस्याला नियम लिहिलेले नसले तरी फरक पडत नाही. त्याच्या ओळखी असतात, शब्दाला वजन असते. वांगणीच्या किंवा वाशिमच्या विद्यार्थ्याकडे यातले काहीच नसते. तिथे त्याच्या बाजूने बोलणारे काही असेल, तर तो कागद. पण नियम लिहून काढले म्हणजे न्याय झाला, असे नाही. दोन्ही बाजू ऐकून घेणे, स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश न होणे, शिक्षा चुकीच्या प्रमाणात असणे आणि दाद मागायला जागा असणे, ही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे शाळेच्या नागरिकशास्त्राइतकी जुनी आहेत. ती नसतील तर आचारसंहिता हे नव्या मंडळींच्या हातातले जुनेच हत्यार ठरते.

म्हणून एखाद्या प्रकल्पात पहिला बदल पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. आचारसंहितेत तक्रार स्वीकारणाऱ्या किमान दोन व्यक्तींची नावे आहेत का? कारवाईच्या पायऱ्या, म्हणजे समज, ताकीद, तात्पुरती बंदी, स्पष्ट आहेत का? आणि मागच्या काही महिन्यांत नाकारलेल्या बदलांना मेन्टेनरनी कशी उत्तरे दिली आहेत? ही उत्तरे प्रकल्पाच्या पानावर सर्वांना दिसतात. त्यासाठी पंधरा मिनिटे पुरतात. प्रकल्पाचा स्वभाव आचारसंहितेपेक्षा तिथेच लवकर कळतो.